‘ऑटोप्सी’ म्हणजे स्वतः पाहणें

संशयास्पद मृत्यूची बातमी आली कीं तिच्याबरोबर ‘शवविच्छेदन’ हा शब्द येतोच. बोलतांना आपण त्यास ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतों. वैद्यकाच्या ग्रंथांत ‘ऑटोप्सी’ हें नांवही आढळतें. तिन्ही शब्द एकाच कर्माचे वाचक असले तरी त्यांचे मूळ अर्थ भिन्न आहेत, आणि तो भेद विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

‘पोस्टमॉर्टेम’ हे मूळचे लॅटिन शब्द, अर्थ ‘मरणानंतर’. म्हणजे ते केवळ काल सांगतात. ‘शवविच्छेदन’ हा शब्द कृति सांगतो. ‘ऑटोप्सी’ मात्र हेतु सांगतो. ग्रीक भाषेंत ‘औतोस्’ म्हणजे स्वतः व ‘ऑप्सिस्’ म्हणजे पाहणें. मिळून अर्थ झाला ‘स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें’. या शब्दांत ना प्रेत आहे, ना शस्त्र!

असें पाहणें युरोपांतही दीर्घकाल दुर्मिळ होतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील वैद्य गेलन यानें वानरादि प्राण्यांचीं शरीरें चिरून जें लिहिलें, तेंच मनुष्यशरीराचें वर्णन म्हणून सुमारें तेराशें वर्षें प्रमाण मानलें गेलें. पुष्कळ ठिकाणीं आचार्य उच्चासनावरून ग्रंथ वाची आणि खालीं न्हावी प्रेत कापी. पाडुआ येथील व्हेसेलियस यानें शस्त्र स्वतःच्या हातीं घेतलें, आणि १५४३ सालीं सचित्र ग्रंथ प्रसिद्ध करून गेलनाचे अनेक दोष दाखविले. मनुष्याच्या खालच्या जबड्याचें हाड दोन नसून एकच आहे, हा त्यांपैकींच एक.

आपल्या सुश्रुतसंहितेंतही शल्यवैद्यानें मृत देहाचें ‘शोधन’ करून अवयव पाहावे, असें सांगितलें आहे. प्रेत मुंज, कुश इत्यादि गवतांनीं वेष्टून, पिंजऱ्यांत घालून सात रात्री वाहत्या पाण्यांत ठेवावें. मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून आंतील प्रत्येक अंग डोळ्यांनीं पाहावें. येथेंही महत्त्व सुरीला नसून दृष्टीलाच आहे. हीच संहिता छापून प्रसिद्ध करणारे पंडित मधुसूदन गुप्त यांनीं १८३६ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत, लोकापवादाची पर्वा न करितां, स्वतः मनुष्यदेहाचें विच्छेदन केलें. ग्रंथ जाणणाऱ्यासही प्रत्यक्ष पाहणें अवश्य वाटलें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

‘शवविच्छेदन’ हा रूढ शब्द टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु केवळ कापण्याचा अर्थ मनांत राहिल्यानें शोकाकुल आप्तांस तो विटंबनेसारखा वाटतो. मृत्यूचें खरें कारण कोणीतरी स्वतः पाहून ठरवावें, एवढ्याचसाठीं तें कर्म असतें, हें त्यांस सौम्य शब्दांनीं सांगितलें पाहिजे. आणि जे सज्जन मरणोत्तर देहदान करितात, ते विद्यार्थ्यांस पाहण्याची संधि देऊन जातात. पुढें वैद्यकाकडे वळणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं त्या देहापुढें आदरानें उभें राहावें, आणि पुस्तकांतील ओळ पाठ असली तरी आपल्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून ती खरी मानूं नये.