मापाचा कार्बोरेटर

सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी आजही काही घरांत वडिलांची आठवण म्हणून जपली जाते. कार्बोरेटर बदलताना मात्र मोठ्या मापाचा मोह होतो. हिशेब साधा आहे. तिचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर फार तर २,१७८ लिटर हवा ओढते. कार्बोरेटरचा गळा गरजेहून रुंद असला की हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत आणि गव्हाण-पनवेलच्या रहदारीत गाडी अडखळते. म्हणून आधी जेट, फ्लोट व गॅस्केट तपासावे. थ्रॉटलचा दांडा झिजून हवा आत शिरत असेल, तर मूळ मापाचाच नवा घ्यावा. उलाढालीहून अधिक भांडवल गुंतवणे पेढीलाही मानवत नाही.