खुनी बाहेरून येत नाही

“निवृत्त मावश्यांच्या खूनकथा कसल्या वाचतोस?” परवा एका मित्राने टोमणा मारला. माझ्या हातात अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ होती. त्याच्या मते टुमदार इंग्लिश खेडं, चहा, बागकाम, एक प्रेत आणि विणता विणता खुनी शोधणारी म्हातारी, हा सगळा खाऊनपिऊन सुखी लोकांचा विरंगुळा आहे. इंग्रजीत या प्रकाराला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात, म्हणजे उबदार रहस्यकथा. “खुनात कसली आलीय ऊब?” हा त्याचा सवाल. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो.

ही कादंबरी 1950 सालची. चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या काल्पनिक खेड्यात वर्तमानपत्रात जाहिरात येते, की अमुक घरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होईल. शेजारीपाजारी गंमत बघायला जमतात. दिवे जातात, अंधारात गोळ्या सुटतात. उजेड येतो तेव्हा रुडी शेर्झ नावाचा तरुण मरून पडलेला असतो. तो स्विस, हॉटेलातला नोकर, आधी लहानसहान अफरातफरी केलेला. मग काय, निष्कर्ष तयारच! परका होता, लुटायला आला आणि स्वतःच्याच गोळीने मेला. फाइल बंद करायला आणखी काय लागतं?

त्याच घरात मिट्झी नावाची स्वयंपाकीण आहे. मध्य युरोपातून जीव वाचवून आलेली निर्वासित. आपल्या माणसांना डोळ्यांदेखत मारलं असं ती सांगते, तर लोक तिला खोटारडी ठरवून हसतात. पोलीस दारात दिसले की तिचा थरकाप होतो, आणि त्या थरकापाचाही संशय घेतला जातो.

मिस मार्पल मात्र सोयीचा निष्कर्ष मान्य करत नाही. खुनी कोण ते सांगून तुमची मजा घालवत नाही. एवढंच सांगतो की ती मिट्झी नाही. उलट खुन्याला उघडं पाडताना तीच जीव धोक्यात घालते. आणि जे तोतये निघतात, ते ज्यांच्याकडे कुणी ओळख मागत नाही अशा प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यातून.

आता सांगा, हा विरंगुळा आहे का? कुठे स्फोट झाल्याची बातमी आली की आमच्या घरी टीव्हीचा आवाज वाढतो आणि अम्मीचे ओठ हलू लागतात. मेलेल्यांसाठी ती दुआ मागतेच. पण सोबत आणखी एक मागणं असतं: पकडलेल्याचं नाव आपल्यातलं नसू दे. भाड्याने घर बघायला गेलो की आडनाव सांगताच ‘कालच दिलं’ हे उत्तर मला पाठ आहे. अशा माणसाला मिट्झीचा थरकाप समजावून सांगावा लागत नाही.

मित्र म्हणेल, ख्रिस्तीबाईंचं कौतुक पुरे, त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ज्यू आणि परदेशी लोकांबद्दल कुत्सित शेरे आहेत. आहेतच. ते वाचताना मलाही टोचतं. नोकरवर्गाकडे बघण्याची मालकिणीची नजरही जागोजाग दिसते. पण या कथाप्रकाराची शिस्त लेखिकेच्या पूर्वग्रहापेक्षा ताकदवान आहे. वाटसरू, भटक्या किंवा परदेशी नोकर खुनी निघाला तर वाचक फसवल्यासारखा चिडतो. खुनी त्याच टेबलावर चहा पिणारा, ओळखीचा, भला वाटणारा माणूस असावा लागतो. गावगप्पा मिस मार्पलही ऐकते, पण ती त्या पडताळून बघते. आमच्याकडे गावगप्पा थेट निकाल होतात. तिथे पुरावा आधी आणि बोट नंतर. मला ऊब मिळते ती इथे.

खऱ्या जगात असं होत नाही, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटलेल्यांसाठी कुणी दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून सत्य सांगत नाही. म्हणूनच तर ही गोष्ट हवीशी वाटते.

रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये (2020) केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीत चार म्हातारे खुनाचा छडा लावतात. त्यातला एक इब्राहिम आरिफ, मूळचा इजिप्तचा मानसोपचारतज्ज्ञ. हे नाव संशयितांच्या यादीत नाही, तपास करणाऱ्यांत आहे. त्या पानावर मी जरा थांबलो होतो.

मित्राला ते पुस्तक दिलंय. तो अजून वाचतोय, म्हणे.