मांडुळाचा कोटींचा भाव सगळ्यांना ठाऊक; गिऱ्हाईक कुणी पाहिलंय?

नांगरट सुरू झाली, जेसीबीनं बांध फोडला की कुठल्या ना कुठल्या शिवारात मांडूळ निघतंच. पूर्वी लोक 'दुतोंड्या आहे, जाऊ दे' म्हणत काठीनं बाजूला सारायचे आणि कामाला लागायचे. आता पहिला हात मोबाईलकडे जातो. फोटो निघतो, वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ निघतो, तो ग्रुपवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी 'पार्टी'चा फोन येतो. माल किती किलोचा? डोळे कसले? रंग तांबडा की काळा? मग साप घरातल्या पिंपात, माठात, नाहीतर गव्हाच्या कोठीत जाऊन बसतो. घरातली पोरंसोरं त्याला खाऊ घालायला बघतात. म्हणायला ते पाळणं, पण खरं म्हणजे विकायची वाट बघणं.

या धंद्यात भाव सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमुक किलोला पन्नास लाख, तमुक किलोला दोन कोटी. पण आपलं मांडूळ कोटीला विकलं, त्या पैशातून विहीर बांधली, बँकेचं कर्ज फेडलं असा एक तरी शेतकरी पंचक्रोशीत दाखवा म्हटलं तर कोणी दाखवत नाही. सगळ्यांनी ऐकलेलं असतं ते पलीकडच्या तालुक्यातलं. तिथं गेलं की तेही त्याच्या पलीकडच्या तालुक्याचं नाव सांगतात.

बातम्या नीट वाचल्या तर गंमत कळते. मांडूळ विकायला आलेले धरले जातात तेव्हा समोर गिऱ्हाईक असतं, नाही असं नाही. पण ते बहुतेक वेळा पोलिसांनी नाहीतर वनविभागानं पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक असतं. म्हणजे पैशाची पिशवी घेऊन खरोखर येणारा माणूस कोण, तर सापळा लावणारा.

वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडिया या संस्थेनं २०१६ ते २०२१ या काळातल्या बातम्या गोळा करून मांडुळाच्या तस्करीचा अहवाल काढला होता. त्यात देशभरात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना निघाल्या. त्यातल्या ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या, दुसऱ्या नंबरावर उत्तर प्रदेश ३३. हे फक्त पकडले गेलेले आणि छापून आलेले. मांडुळाच्या बाबतीत आपलं राज्य पहिलं आलं, पण हा पहिला नंबर मिरवण्यासारखा नाही. याच अहवालात यूट्यूबवर मांडूळ विक्रीचा प्रचार करणारे दोनशे व्हिडिओ सापडल्याचंही आहे. तेव्हा अफवा पारावर कमी आणि मोबाईलवर जास्त फिरते.

आता फसवणूक चालते कशी ते बघू. पार्टी नेहमी वजन मागते. दोन किलोच्या वर पाहिजे, अडीच पाहिजे, तीन असेल तर भाव दुप्पट. इथंच मेख आहे. मांडूळ जास्तीत जास्त तीन-चार फुटांचं, चांगलं पोसलेलं असलं तरी वजन किलोच्या आगंमागं. म्हणजे मागणीच अशी केलेली असते की माल कधी बसूच नये. मग मधला माणूस म्हणतो, थोडं थांबा, वजन वाढवायचं औषध आहे, तपासणीला मुंबईहून माणूस आणायचाय, त्याचा खर्च द्या. दहा हजार, पन्नास हजार, दोन लाख. काही ठिकाणी वजन वाढावं म्हणून सापाच्या तोंडातून छर्रे आणि लोखंडी गोळ्या कोंबल्याचे प्रकारही उघड झालेत. साप मरतो, मधला माणूस फोन बंद करतो आणि ज्यानं पैसे दिले तो तक्रारीलाही जाऊ शकत नाही, कारण तक्रार करायची तर आधी सांगावं लागणार की साप माझ्या घरात होता. फसवणाऱ्याचा खरा आधार हाच आहे. त्याला गिऱ्हाइकाच्या अक्कलेपेक्षा गिऱ्हाइकाच्या भीतीवर जास्त भरवसा असतो.

आणि हे विकत घेऊन करायचं काय, तर म्हणे गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, मोठमोठे आजार बरे होतात, मर्दानगी येते. यातल्या एकाही गोष्टीला आधार नाही. दोन तोंडंही नाहीत. शेपटी बोथट आणि डोक्यासारखी दिसते, शत्रूनं डोकं सोडून शेपटीवर तोंड टाकावं म्हणून. गारुडी शेपटीवर डोळ्या-तोंडाच्या खुणा करून ती फसवणूक आणखी पक्की करत. आपल्याकडं २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार त्यात येतात. तरी पाऊस पाडणारे महाराज बंद झालेले नाहीत.

दोष वृत्तपत्रांचा आणि पोर्टलांचाही आहे, हे सांगायलाच पाहिजे. 'आंतरराष्ट्रीय बाजारात पन्नास लाख किमतीचं मांडूळ जप्त' असा मथळा वाचून वाचणारा गुन्हा विसरतो आणि आकडा लक्षात ठेवतो. ती किंमत कोण काढतं? बहुतेक वेळा आरोपीनं सांगितलेलीच प्रेसनोटमध्ये येते आणि तीच छापली जाते. चोराच्या तोंडचा भाव सरकारी वाटायला लागतो. ज्या जिवाला कायदेशीर बाजारच नाही त्याचा बाजारभाव लिहायचा कशाला?

तरुण पोरं एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. पुण्या-मुंबईचे लोक घरात परदेशी बोआ, पायथन पाळतात, रील टाकतात, त्यांना चालतं मग आम्हाला का नाही? उत्तर असं की ते साप आपल्या मातीतले नाहीत. मादागास्करचा ड्युमेरिल बोआ घ्या. मोठा, शांत, जमिनीवरच पडून राहणारा, म्हणून परदेशात हौशी लोकांचा आवडता. अशा परदेशी जातींसाठी २०२२ ला वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ते जवळ असतील तर परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणजे तिथंही मोकळं रान नाही. मांडूळ मात्र देशी वन्यजीव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं सगळंच गुन्हा आहे. परदेशी सापाच्या नोंदीचा कागद त्याला लागू नाही. 'शेतात सापडलं म्हणजे माझं' हेही चालत नाही. सातबारा जमिनीचा असतो, सापाचा नव्हे. गुन्हा सिद्ध झाला तर कैद महिन्यांत नाही, वर्षांत मोजायची. वकील आणि तारखांचा खर्च वेगळा.

ज्यानं हा कोटींचा नाद सोडला त्याच्या हाती राहतं काय, तर बिनविषारी, मऊ मातीत राहणारा, उंदीर खाणारा साप. एक मांडूळ अख्खं शेत उंदीरमुक्त करतं असं कोणी सांगत असेल तर ती पण अतिशयोक्तीच. त्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी एक खाणं पुरतं. पण मांजर जिथं पोहोचत नाही त्या बिळात ते आत शिरतं आणि पिलांसकट विळखा घालतं. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, तेव्हा बिळातलं एक वेत कमी होणं हिशोबात धरायला हरकत नाही. भुईमूग, हरभरा, ज्वारी घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं. म्हणून मोठी मादी पिंपात गेली की बांधावरून बरंच काही कमी होतं.

एक धोका मात्र कोणी बोलत नाही. मांडुळाच्याच कुळातला डुरक्या घोणस नावाचा आखूड, जाड, ठिपक्यांचा साप आपल्याकडं आहे. तोही बिनविषारी. पण तो आणि खरी विषारी घोणस लांबून सारख्याच दिसतात. लाखाच्या आशेनं अंधारात जाड साप दिसला म्हणून हात घालायचा आणि ती घोणस निघायची, हे होऊ शकतं. घोणस चावली तर गाठ दवाखान्याशी आहे, पार्टी तिथं येणार नाही.

निघालंच मांडूळ तर ट्रॅक्टर दोन मिनिटं थांबवून ते बांधाकडं जाऊ द्यावं, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जखमी असेल, नाहीतर कोणी घेऊन जायला टपलं असेल, तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, नाहीतर वनरक्षकाला कळवावं. लांबच्या जंगलात नेऊन सोडायची गरज नाही, ज्या शिवारात सापडलं तिथंच ते जगतं. फोटो ग्रुपवर टाकू नये. पार्टीवाले त्या फोटोवरूनच गट नंबरापर्यंत पोहोचतात, आणि रात्री बॅटरी घेऊन बांध खणणारे आले तर पीक तुडवलं जातं ते आपलंच.