उळे कांद्याचे आणि लिलीचे

धुळे जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला उळे टाकण्याची, म्हणजे बी वाफ्यात पेरून रोपे तयार करण्याची, रीत शिकवावी लागत नाही. परंतु त्याच घराच्या अंगणातील लिली मात्र जवळजवळ नेहमी कंद वेगळे करूनच वाढवली जाते आणि तिच्या दांड्यावर धरलेले बोंड वाळून फुटले, तरी त्यातील काळ्या बियांकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक आधुनिक वनस्पतिवर्गीकरणात कांदा आणि या लिली ॲमॅरिलिडेसी या एकाच कुळात येतात, आणि दोघांचाही कंद हा शल्ककंद असतो, म्हणजे अन्न साठवलेल्या जाड पापुद्र्यांनी वेढलेली, जमिनीखालची एक कळीच असते.

दक्षिण अमेरिकेतून आलेली हिपिॲस्ट्रम, जिला रोपवाटिकांत ॲमॅरिलिस म्हणतात, ती युरोपात नाजूक समजली जाते, कारण गोठलेल्या जमिनीत तिचा कंद सडतो. खानदेशात जमीन गोठत नाही. येथे रोपाची खरी परीक्षा जळगावच्या मे महिन्यात होते, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उथळ कुंडीतील माती दुपारपर्यंत तापून कोरडी पडते. म्हणून परदेशी पुस्तकांतील थंडीपासून बचावाचे सल्ले येथे फारसे उपयोगी नाहीत, सावलीचे नियोजन मात्र अत्यावश्यक आहे.

सुदैवाने बियांपासून रोपे वाढवण्याच्या कामाला येथील ऋतुचक्र अनुकूल आहे. हिपिॲस्ट्रम उन्हाळ्यात फुलते. एका झाडाचे पराग सकाळी मऊ कुंचल्याने दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, लावले असता चार ते सहा आठवड्यांत बोंड पिकते आणि ताजे बी नेमके पावसाच्या तोंडावर हाती येते. हे बी चपटे, काळे व कागदासारखे पातळ असून त्याची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून ते पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवण्यात अर्थ नाही. निव्वळ काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे पोयटा, नदीची वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण घेऊन त्यावर बी पसरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. साधारण दोन-तीन आठवड्यांत गवताच्या पात्यासारखी रोपे दिसू लागतात. पहिल्या वर्षी त्यांना विश्रांतीसाठी कोरडे ठेवू नये, तर उन्हाळ्यातही शेडनेटखाली बेताची ओल द्यावी. फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात आणि ते आईसारखेच असेल याची खात्री नसते.

ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी पिवळ्या पाऊसलिलीपासून सुरुवात करावी. ती भरपूर बी धरते, तिची रोपे बहुधा एक-दोन वर्षांत फुलतात, आणि तिच्यात असंगजनन, म्हणजे फलनाशिवाय बीजनिर्मिती, होत असल्यामुळे रोपे मातृरोपाशी जुळतात. मोठ्या गुलाबी फुलांची पाऊसलिली मात्र क्वचितच बी धरते; तिचे कंदच वेगळे करावेत.

या सर्वांहून अधिक अगत्याने बियांपासून वाढवावी अशी वेल सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्यात आपोआप उगवते, ती कळलावी. पानाच्या टोकाच्या ताणाने कुंपणावर चढणारी आणि पिवळ्यापासून लालभडक होत जाणाऱ्या, मागे वळलेल्या पाकळ्यांची ही वेल लिलींच्या कुळातील नाही. तिचा कंदही पापुद्र्यांचा नसून नांगराच्या आकाराचा, भरीव असतो. त्याच्या टोकावरचा कोंब मोडला तर कंद पुन्हा फुटत नाही, म्हणून रानातून उपटून आणलेली वेल बहुधा जगत नाही आणि रानातील जागाही रिकामी होते. औषधासाठी कंद उकरले जात असल्याने तिच्यावर आधीच ताण आहे. तिचे नारिंगी आवरणाचे बी मात्र हट्टी असते. काही आठवड्यांत उगवते, काही महिने घेते, त्यामुळे पेरलेली कुंडी रिकामी समजून फेकू नये.

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसिन हे प्राणघातक विष असते. घरात लहान मुले किंवा गुरे असतील, तर ती लावू नये. इतरांनी ती लावताना हातमोजे वापरावेत आणि बी कुलपात ठेवावे. सातपुड्यातील पाल किंवा यावल परिसरातील रानात फिरणाऱ्यांनी तिचा कंद उकरू नये, आणि कोणी उकरलेला कंद विकत असेल, तर तो घेऊ नये.