पद्मिनी पन्नाशीची झाली. आता तिला पट्टा हवा

१/ रविवारच्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एखादी चकचकीत जुनी फियाट आली, की फिरायला निघालेली माणसे थांबून तिचे छायाचित्र टिपतात. त्या छायाचित्रात सहसा एक वस्तू नसते : चालकाच्या खांद्यावरून आलेला पट्टा. आजचा धागा त्या अनुपस्थित पट्ट्याविषयी.

२/ ही गाडी वांद्र्याची शेजारीण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मिठीपलीकडे, कुर्ल्यात होता. १९६४ पासून तेथे फियाट ११०० डी तयार होऊ लागली. पुढे, १९७४ च्या सुमारास, तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले.

३/ तीन ठिकाणी अडकणारा पट्टा तेव्हा जगाला ठाऊक होता. व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांनी तो १९५९ साली साकारला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांसाठी खुले ठेवले. भारतात मात्र नव्या मोटारींच्या पुढील आसनांना पट्टा बंधनकारक होण्यास १९९४ साल उजाडले. मधल्या काळातील असंख्य मोटारी पट्ट्यावाचूनच रस्त्यावर आल्या.

४/ आता कायदा पाहू. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. पहिल्या पद्मिनी आता या उंबरठ्यावर आहेत.

५/ दुसरी बाजू. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर, पट्ट्यावाचून बसले होते. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला आणि ज्या गाड्यांत तो नाही, त्यांत बसवून घेण्यासाठी १ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली.

६/ येथे रसिक अडतो. मूळ रूप जपावे, की जीव? माझ्या मते हा पेचच खोटा आहे. रणवारमधील जुन्या घरात अग्निशामक टांगल्याने त्याचा वारसा उणावत नाही. जतनाचे तत्त्व एवढेच : जे जोडाल ते पुन्हा काढता यावे, आणि त्याची नोंद राहावी. पट्टा या कसोटीस पुरेपूर उतरतो.

७/ अट एकच, तो नीट बसवावा. गंजलेल्या पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला, तर धक्क्यासरशी पत्राच फाटेल. आधी गंज काढून पत्रा सुदृढ करावा, मग खाली जाड पोलादी पट्टी देऊन बोल्ट लावावा. निव्वळ दिखाव्याचा पट्टा हा नसलेल्या पट्ट्याहून घातक, कारण तो विश्वास निर्माण करतो.

८/ पट्ट्याइतकेच महत्त्व ब्रेकला. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. तिच्यापुढे धावणारी आजची मोटार कितीतरी कमी अंतरात थांबते. तडकलेली रबरी पेट्रोलनळी आणि जीर्ण वायरिंग ही आगीची निमंत्रणेच. ती बदलावीत आणि हाताशी अग्निशामक ठेवावा.

९/ ज्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, तो गॅरेजमधील कारागीर. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम हवेच्या झोताने साफ केला, की ती धूळ थेट फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसणे, योग्य मुखपट्टी लावणे आणि निव्वळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही न शिरणे, हा खर्च मालकाने उचलावा. क्रोमच्या बंपरसाठी पैसे असतील, तर यासाठीही असावेत.

१०/ म्हणून मागणी साधी आहे. पुन्हा काढता येणारा पट्टा, अग्निशामक आणि सुधारलेले ब्रेक हे ‘फेरफार’ मानले जाणार नाहीत, असे नियमांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. रॅलीच्या परीक्षकांनीही त्यासाठी गुण कापू नयेत.

११/ इतिहास जपायचा तो पुढच्या पिढीला दाखवण्यासाठी. त्या पिढीतील एखादे मूल रविवारी याच गाडीच्या मागच्या आसनावर बसलेले असते. त्याच्यासाठी पट्टा आहे का, हे निघण्यापूर्वी एकदा पाहा.