रांगेतील शिष्टाचार

व्यापारानिमित्त महिन्यातून चार-सहा वेळा विमानाने जाणाऱ्या गृहस्थास सुरक्षा तपासणीचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. परंतु ते नियम विनाकारण झालेले नाहीत. २००६ साली लंडनमध्ये द्रवस्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट उघडकीस आला; त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानातील द्रवाच्या बाटलीवर १०० मिलिलीटरची मर्यादा आली आणि अनेक विमानतळांवर ती अजूनही लागू आहे. पॉवर बँक मात्र जवळच बाळगावी लागते, कारण विमानाच्या मालकक्षात तिने पेट घेतल्यास आग विझविणे कठीण.

खरा खोळंबा होतो तो सहप्रवाशांच्या बेफिकिरीने. ट्रेपाशी पोहोचल्यावर एकजण बॅगेच्या तळाशी लॅपटॉप शोधू लागतो. दुसरा खिशातील नाणी विसरून पुन्हा पुन्हा तपासणीस उभा राहतो. तिसरा घाईचे निमित्त सांगून रांगच मोडतो. मागच्याचे विमान चुकले, तर त्याचा ठरलेला सौदाही हुकतो. उधारीचा पैसा व्याजासह फेडता येतो. दुसऱ्याचा दवडलेला वेळ परत करता येत नाही. म्हणून लॅपटॉप घरूनच वरच्या कप्प्यात ठेवावा आणि नाणी, पट्टा, मोबाईल रांगेत असतानाच बॅगेत टाकावेत.