प्रश्न खेळाडू निवडण्याचा नव्हे, घडविण्याचा

क्रीडा प्रतिनिधी

संघ हरू लागला की पहिला बळी जातो तो मुख्य प्रशिक्षकाचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलही याला अपवाद नाही. पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्स संघाने २०१८ मध्ये कॉलिंगवूडला अवघ्या ५ गुणांनी हरवून अजिंक्यपद पटकावले होते. २०२२ मध्ये याच संघाला २२ पैकी केवळ २ सामने जिंकता आले. पुढच्या वर्षी सिडनीने त्याचा १७१ गुणांनी धुव्वा उडविला. जुलै २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक अ‍ॅडम सिम्प्सन पायउतार झाले आणि २०२५ च्या हंगामासाठी अँड्र्यू मॅक्वॉल्टर आले. त्या हंगामात २३ सामन्यांत विजय मिळाला तो एकच!

या लीगमध्ये पैसा ओतून संघ उभा करता येत नाही. खेळाडूंच्या एकूण मानधनावर मर्यादा असते आणि तळाच्या संघाला नवोदितांच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, अग्रक्रम मिळतो. २०२३ मध्ये वेस्ट कोस्टने पहिल्याच क्रमांकावर हार्ली रीडला निवडले. मात्र व्हिक्टोरियातील घर सोडून पर्थला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचा परिपक्व खेळाडू आपोआप होत नाही. ती जबाबदारी विकास प्रशिक्षकांची. किकमधील दोष सुधारणे, सामन्याचे चित्रण दाखवून चुका समजावणे, दुय्यम संघात खेळणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, घरापासून दूर असलेल्या मुलाला धीर देणे, हे सारे त्यांचेच काम.

मेलबर्न संघाची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. २००८ मध्ये जॅक वॉट्स आणि २००९ मध्ये टॉम स्कली अशा सलग दोन वर्षांच्या पहिल्या निवडी या संघाकडे होत्या. तरीही जुलै २०११ मध्ये जिलाँगने त्याला १८६ गुणांनी लोळविले. स्कली त्याच वर्षी संघ सोडून गेला. वॉट्सकडून बाळगलेल्या अपेक्षा तेथे कधीच पूर्ण झाल्या नाहीत. पुढे २०२१ च्या हंगामापूर्वी मेलबर्नने नवोदितांना घडविण्याचे काम मार्क विल्यम्स यांच्याकडे सोपविले. २००४ मध्ये पोर्ट अ‍ॅडलेडला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या गृहस्थांनी दुय्यम पद स्वीकारण्यात कमीपणा मानला नाही. त्याच वर्षी मेलबर्नचा ५७ वर्षांचा दुष्काळ संपला.

हे श्रेय एकट्या विल्यम्स यांचे नाही. शिवाय २०२४ पर्यंत मेलबर्न पुन्हा चौदाव्या स्थानी घसरला, हेही विसरता येणार नाही. चांगला विकास प्रशिक्षक ही यशाची हमी नसते. परंतु त्याच्यावाचून ड्राफ्टमधील अग्रक्रम वाया जाण्याचा धोका मोठा असतो.

अडचण आहे ती पैशाची आणि प्रतिष्ठेची. प्रशिक्षक वर्गावरील खर्चालाही लीगने मर्यादा घातली असून २०२० च्या महासाथीत तिला मोठी कात्री लागली. अशा वेळी नजरेआड काम करणाऱ्यांच्या पदांवर गदा येणे सोपे असते. उरलेल्या जागांवर नुकत्याच निवृत्त झालेल्या नामवंत खेळाडूला बसविण्याचा मोह होतो. पण ज्याला खेळ उपजत जमला, त्याला तो दुसऱ्याला शिकविता येईलच असे नाही.

घसरणीला लागलेल्या संघाने म्हणूनच उमेदवाराची पदके मोजण्यापेक्षा त्याने आजवर किती खेळाडू घडविले, हे पाहावे. मुख्य प्रशिक्षकाला रविवारचा सामना जिंकायचा असतो. विकास प्रशिक्षकाला तीन वर्षांनंतरचा. निकालांच्या दडपणाखाली या दुसऱ्या माणसाला किमान तेवढी वर्षे टिकू दिले नाही, तर ड्राफ्टमधील प्रत्येक पहिली निवड पुढच्या निराशेचीच नांदी ठरेल.